दोनदा फवारलेला मका

शहाड,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सखूताईस,
काळूचा नमस्कार.

तू तुझ्या कमलेशबरोबर पाठवलेलं गुडघ्याचं तेल मिळालं. रोज लावतो. गुडघा आहे तसाच आहे, पण त्या वासाने शेजारचं मांजर घरात यायचं बंद झालं, तेवढा फायदा. तुझी तब्येत बरी असेल. नौपाड्यात दुपारी तरी थंडी कमी असेल, इथे नदीकाठी सकाळी हात बाहेर काढवत नाहीत.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, मग संचिता स्पीकर लावते आणि मी बोललेलं तुझ्या कानाशी ओरडून सांगते. सून गुणी आहे, पण तिचा आवाज तीन मजले जातो. आज जे सांगायचंय ते तसं जाऊन चालणार नाही. जागृतीला तर अजिबात कळता कामा नये. माझी लेक ठाकुर्लीत बसून दर आठवड्याला एकच पाढा म्हणते, बाबा, शेती पुरे, आमच्याकडे राहायला या. तिला फक्त निमित्त हवंय.

ताई, आपल्या मक्यावर कोणीतरी औषध मारून गेलंय. शेत तुझ्याही नावावर आहे म्हणून आधी तुझ्या कानावर घालतो.

तू जन्मभर मराठी शिकवलंस, तेव्हा तुला कळेल असं सांगतो. मका लहान असतो तेव्हा त्यात तण येतं आणि ते मक्यापेक्षा जोरात वाढतं. त्याला मारायला तणनाशक असतं. पण तण मारायचं आणि मक्याला सोडायचं हे ते दोनच अटींवर करतं. माप बरोबर हवं आणि वेळ बरोबर हवी. चार-पाच पानांवर असताना मारलं तर मका ते पचवतो. आठवडाभर जरा फिकटतो आणि परत हिरवा होतो. तेच गुडघ्याच्या वर गेलेल्या मक्यावर मारलं, आणि त्यात माप वाढवलं, तर औषध पोंग्यात उतरतं. पोंगा म्हणजे रोपाच्या मधली पानांची सुरळी. पुढची पानं, तुरा, कणीस यांची सगळी तयारी तिथे आत चाललेली असते. रोप मरत नाही, उभं राहतं. पण कणसाचं काय झालं ते सोलेपर्यंत कळत नाही. त्यातून आपला गोड मका, साध्या मक्यापेक्षा नाजूक. कृषी खात्याच्या नोकरीत असताना मुरबाड आणि शहापूरच्या बांधांवर उभा राहून मी हे इतक्यांदा सांगितलंय की लोक मला मागून ‘चार पान’ म्हणायचे.

मी माझं तणनाशक जानेवारीच्या सुरुवातीलाच मारलं होतं. सकाळची वेळ, वारा नाही, माप मोजून. तण गेलं, मका थोडा फिकटला, परत हिरवा झाला. मग महिनाअखेरीला एका सकाळी शेतावर गेलो तर सगळ्या रोपांचे शेंडे पांढरेफटक. पिवळे नव्हेत, पांढरे. वरची कोवळी पानं कागदासारखी झालेली. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तेच. मी तिथेच मातीत बसलो. पाणी कमी पडल्यावर असं होत नाही, थंडीने होत नाही, किडीने होत नाही. हे औषधच आहे, आणि मारणारा अडाणी नाही. सगळीकडे सारखं पडलंय.

शेतावरच्या खोलीत जाऊन बघितलं. तणनाशकाच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त उरलेलं होतं, ती रिकामी. औषध मोजायचं माप गायब. पाठीवरचा पंप मात्र जागेवर, आतून-बाहेरून धुऊन, खिळ्याला उलटा टांगलेला. चोराची हिंमत बघ. माझ्याच पंपाने माझंच औषध माझ्याच पिकावर मारलं, आणि पंप धुऊन निथळत लावून गेला.

खोलीची चावी माझ्याकडे आणि दुसरी तानाजीकडे. तोच तो, जुन्नरकडचा, ज्याला आपण पलीकडचा अर्धा तुकडा वाट्याने पालेभाज्यांना दिलाय. तुला आठवत असेल, त्याची बायको पायल तुझ्यासाठी मेथीच्या जुड्या देते. डिसेंबरात मोटरच्या पाण्यावरून आमची बोलाचाली झाली होती. मी विसरलो होतो, तो विसरला नसावा. त्याला अख्खं शेत हवं असेल. म्हातारा एकदा कंटाळून ठाकुर्लीला गेला की झालं.

ताई, तुझ्यापाशी कसली लाज. मी घाबरलोय. जो माणूस मक्याच्या पोंग्यात औषध ओततो तो माठात ओतणार नाही कशावरून? शेतावरच्या माठातलं पाणी पीत नाही, घरून बाटली नेतो. पायलने परवा पिठलं-भाकरी पाठवली ती नदीत सोडली. खोलीचं कुलूप बदललं, घराचंही बदललं, दोन्हीच्या चाव्या माझ्या गळ्यात आहेत. वाकून काम करताना मागे कोणी उभं आहे असं वाटतं आणि सारखा वळून बघतो. सत्तरीत हे काय लागलं माझ्यामागे?

पोलिसांत तक्रार द्यावी असं मनात आहे. तू काय म्हणतेस ते कळव. कार्डावर लिहू नकोस, पाकिटात घाल.

तुझा धाकटा,
काळू

---

शहाड,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

ती. सखूताईस,
नमस्कार. पत्र पावलं.

पाकिटात घालून पाठवलंस याबद्दल आभार. आतल्या मजकुराबद्दल नाहीत. मी तुला लिहितो की कोणीतरी माझ्या जिवावर उठलंय, आणि तू चार ओळींत विचारतेस, ‘पंप धुऊन उलटा टांगायची सवय आपल्या घरात कोणाची रे?’ माझी. मग काय झालं? तानाजी मला रोज बघतो. माझी सवय त्याला पाठ असणारच. मुद्दाम तसा टांगला, म्हणजे संशय माझ्यावर यावा. तू शाळेत असताना कॉपी पकडायचीस म्हणे. इथे मात्र तुझा अंदाज चुकला.

तुझी परवानगी येईपर्यंत थांबणार होतो, पण राहवलं नाही. गेल्या बुधवारी तानाजीला बांधावर गाठलं आणि तोंडावर विचारलं. पायल पालक निवडत होती, तिच्यासमोरच विचारलं. आधी त्याला कळेचना. मग कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं आता आरडाओरडा करील. तो हळू आवाजात म्हणाला, “काका, तुम्हीच मारत व्हता की. म्या बांधावरनं बघितलं तुम्हाला.”

इतकं धडधडीत खोटं मी सरकारी नोकरीतसुद्धा ऐकलं नव्हतं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. होळीपर्यंत तुकडा खाली कर म्हणून सांगितलं आणि मोटरची जोडणी त्याच्या बाजूने बंद केली. आता त्याच्या मेथीने मान टाकलीय. पायल काल घरी आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि गेली. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेण्यासारखा माझा काळ नाही.

आता माझा पुरावा ऐक. फवारणीच्या दिवशी जे पान पोंग्यात गुंडाळलेलं असतं त्याच्यावर डाग पडतो. पुढे रोप वाढतं, ते पान उघडतं, वर जातं, पण डाग त्याच पानावर राहतो. म्हणजे डाग कितव्या पानावर आहे ते बघितलं की औषध मारलं तेव्हा रोप केवढं होतं ते कळतं. मी सकाळभर रोपं तपासली. खालच्या, पाचव्या-सहाव्या पानावर अगदी पुसट फिकट पट्टा. ती माझी फवारणी, वेळेवरची, मापातली. त्याच्या वरची दोन-तीन पानं स्वच्छ हिरवी. आणि त्याच्यावर परत पट्टा, पांढराशुभ्र, रुंद, पान जळलेलं. म्हणजे दोनदा फवारलंय. दुसऱ्यांदा मका गुडघ्याच्या वर होता आणि औषध दुपटीने तरी होतं. मारणाऱ्याने उरलेली बाटली ओतली असणार. यात माझ्या कल्पनेचं काही नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी कुठलंही औषध मारताना शेवग्याकडची एक ओळ कोरी सोडतो. काहीच मारायचं नाही. म्हणजे औषधाने काय झालं ते त्या ओळीशी ताडून बघता येतं. ही आमच्या खात्याची शिकवण, गावात दुसरं कोणी करत नाही, लोकांना तो वेडेपणा वाटतो. ती ओळ आजही कोरी आहे. तण माजलंय, पण पानं सगळी हिरवी, खालची आणि वरचीही. दुसऱ्यांदा मारणाऱ्यानेसुद्धा तीच ओळ सोडली. माझी थट्टा करायला सोडली असेल. दुसरं काय कारण असणार? तुला सुचत असेल तरी लिहू नकोस.

पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथल्या साहेबाने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, काका, नक्की कधी झालं, तुम्ही त्या दिवशी कुठे होतात? प्रश्न साधा होता. मी म्हटलं बहिणीला विचारून लिहून आणतो, आणि उठलो. येताना कल्याणला रिक्षा केली तर त्या मुलाने मला मुरबाड रस्त्याला लांबवर नेलं. मी ओरडलो तर म्हणतो, काका, तुम्हीच सांगितलंत. हल्ली सगळ्यांना हे एकच वाक्य येतं वाटतं.

जागृती येत्या रविवारी येणार होती, तिला सर्दीचं सांगून टाळलं. झोप लागत नाही. कुलूप लावलंय की नाही ते बघायला परत परत उठतो, आणि दर वेळी ते लावलेलं असतं.

पत्राचं उत्तर पाठवलंस तर भांडायला पाठवू नकोस.

काळू

---

शहाड,
सोमवार, १० मार्च २०२५

प्रिय ताई,

‘ती.’ लिहायला हात गेला होता. पण आज तू मोठी आणि मी लहान एवढं पुरेसं नाही. आज तू माझ्याजवळ बसलीयेस असं समजून लिहितो. तुझी तब्येत बरी असू दे. मला आत्ता तुझी गरज आहे.

काल रविवार. जागृती न सांगताच आली, समीक्षाला घेऊन. होळीला काय काय आणायचं ते ठरवायला आले म्हणाली. खरं म्हणजे मी तिला टाळतोय हे तिच्या लक्षात आलं असावं. ती अंगणात फोनवर बोलत होती. समीक्षा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिथून तिने विचारलं, “आजोबा, ह्या पेल्यावर रेघा कशाला आहेत?”

मी आत गेलो. तिच्या हातात तणनाशकाचं माप होतं. पांढरं, प्लॅस्टिकचं, बाजूला रेघा असलेलं. मांडणीवर वाट्या आणि फुलपात्रांच्या रांगेत ते धुऊन उपडं घातलेलं होतं. तिने ते माठात बुडवलं होतं, पाणी भरलं होतं, ओठाशी नेत होती.

मी ते हिसकावलं. पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं, ती घाबरून रडायला लागली. जागृती धावत आली, काय झालं विचारलं. मी म्हटलं पेल्यात मुंगी होती. मग माठ उचलून मोरीत ओतला आणि म्हणालो माठाला वास येतोय. पोरीने आधी त्यातून काही प्यायलं नव्हतं, तिला मी तीन वेळा विचारलं. ती रात्रभर बरी आहे ना ते सकाळी फोन करून विचारलं. बरी आहे, शाळेत गेली.

ताई, हेच माप चोराने नेलं म्हणून मी तुला लिहिलं होतं. घराचं कुलूप मी बदललंय. दोन्ही चाव्या माझ्या गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही. तानाजी आत येऊ शकत नाही, कोणीच येऊ शकत नाही. ते माप तिथे मी ठेवलं. कधी ठेवलं, त्या दिवशी की नंतर, त्यातून मी स्वतः किती वेळा पाणी प्यायलो, काही आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करतो तर तिथे काही पुसल्यासारखंही वाटत नाही. काही नव्हतंच असं वाटतं. मला सगळ्यात भीती त्याची वाटली. विसरल्याची जाणीव तरी असायला हवी ना?

त्या दोघी गेल्यावर शेतावर गेलो, शेवग्याकडच्या त्या ओळीपाशी उभा राहिलो. तुला माहीत होतं ना? तुला पहिल्या पत्रालाच कळलं होतं. थट्टा करायला कोणी एवढं जपून एक ओळ सोडत नाही. ती मीच सोडली, दोन्ही वेळा, कारण हाताला सवय आहे. म्हणजे माझ्या हातांना सगळं येत होतं. पंप भरायला येत होता, वाऱ्याकडे पाठ करायला येत होती, ओळ सोडायला येत होती, शेवटी पंप धुऊन टांगायलाही येत होतं. फक्त आपण हे आधी केलंय एवढं त्या दिवशी मला माहीत नव्हतं. आणि मका? माझ्यासमोर गुडघ्याच्या वर गेलेला मका उभा होता. तो मला चार पानांचा दिसला का? हा प्रश्न मी कालपासून किती वेळा विचारला असेल. डोळ्यांसमोर एवढं पीक उभं असताना माणसाला ते महिन्यापूर्वीचं दिसतं, तर मग उद्या रस्त्यात मला काय दिसेल? गॅसपाशी काय दिसेल? समीक्षाकडे बघून मला कोण दिसेल?

तिथून तसाच तानाजीकडे गेलो. पायलने बसायला पोतं टाकलं. मी मापाचं सांगितलं, समीक्षाचं सांगितलं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला राहू द्या. मग मी विचारलं, त्या दिवशी तू काय बघितलंस ते नीट सांग. तो सांगायला तयार नव्हता. पायल म्हणाली सांगा त्यांना, त्यांचं त्यांना कळाया पायजे. तेव्हा तो म्हणाला, “म्या हाक मारली, काका, परत का मारताय. तर तुम्ही हात केला आन् म्हणालात, दगडू, तू घरी जा, ताईला सांग मी येतो. मला वाटलं चेष्टा करताय.”

दगडू. तुझ्या-माझ्या मधला आपला दगडू जाऊन किती वर्षं झाली ताई. मी त्याचं नावसुद्धा कधी घेत नाही, तू घेतलंस तरी विषय बदलतो. तानाजीला ते नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. म्हणजे हे त्याने रचलेलं नाही. त्या दिवशी माझ्यासाठी दगडू बांधावर उभा होता आणि तू घरी वाट बघत होतीस. त्याच्याशी बोलून मी पुढे फवारत गेलो. मला वाईट याचं वाटतं की तो मला भेटला, आणि मला तेही आठवत नाही.

मी तिथे पोत्यावर बसून रडलो. सत्तर वर्षांचा माणूस वाट्याने दिलेल्या तुकड्यावर बसून रडतोय, पायलला काय करावं कळेना, तिने चहा टाकला. या वेळी प्यायलो.

मोटर मी लगेच चालू करून दिली. मेथी गेली, पालक थोडा वाचेल म्हणाला. तुकडा खाली करायचा नाही हे सांगितलं. आणि शेतावरच्या खोलीची चावी गळ्यातून काढून त्याला दिली. तिथे जे काही औषध आहे, बाटल्या, पुड्या, पंप, सगळं त्याने त्याच्याकडे कुलपात ठेवायचं. मी मागितलं तरी द्यायचं नाही. रागावून मागितलं, ओरडलो, धनी मी आहे म्हणालो तरी द्यायचं नाही. तो हो म्हणाला. मी त्याच्याकडून परत वदवून घेतलं. मग मी शेवटी उठलो तेव्हा तो माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. मी नको म्हणालो नाही.

कणसांचं सांगायचं राहिलं. आज सकाळी चार सोलून बघितली. वरून भरल्यासारखी दिसतात, हाताला जड लागतात. आत बुडाशी थोडे दाणे आणि वर नुसता बुरखुंडा, बिनदाण्यांचा दांडा, पांढरा, मोकळा. कोऱ्या ओळीतली तणाने बारीक राहिली, पण दाणा शेवटपर्यंत आहे. पीक गेलं ते गेलं, कल्याणच्या गाड्यांवर यंदा आपली कणसं नसतील. त्याचं मला आज एवढं वाटत नाही. मी एवढी वर्षं लोकांना सांगत आलो की मक्याला औषधाने मारलं की नाही ते लगेच दिसत नाही, वरून तो हिरवाच राहतो. तेव्हा ते मक्याबद्दल होतं.

आता तुझं काम. जागृतीला मी सांगू शकत नाही. फोन उचलला की माझ्या तोंडून मुंगीच बाहेर पडते. तू सांग. संचिताला स्पीकर लावू दे, ओरडू दे, तीन मजल्यांना कळू दे, माझी हरकत नाही. सगळं सांग, मापाचं आणि दगडूचंही. होळीला तिने समीक्षाला घेऊन यावं, पण मला न्यायला यावं, राहायला नव्हे. नौपाड्यात मेंदूचा चांगला डॉक्टर कमलेशला माहीत असेल, त्याची वेळ घेऊन ठेव. त्याआधी दोन दिवस मी तुझ्याकडे राहीन. ठाकुर्लीला जायचं की नाही ते डॉक्टर सांगेल तेव्हा बघू. एवढं भांडण माझ्यात अजून शिल्लक आहे.

मला खूप भीती वाटते गं. अंधाराची नाही, मरणाचीही नाही. मी समोर उभा असेन, हातपाय बरोबर चालत असतील, सगळं मापात करत असेन, आणि तो मी नसेन, याची वाटते.

हे पत्र आजच टपालात टाकतो. उद्यावर ठेवलं तर मीच ते फाडून, तानाजीने फवारलं म्हणून तुला दुसरं लिहीन. आणि ताई, हेच पत्र तुला पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं, याच बातम्या, हीच रड, तर ‘हे मागेच कळवलंस’ असं मला लिहू नकोस. पहिल्यांदाच वाचतेयस असं वाच, आणि पहिल्यांदाच घाबरून ये.

आज तुला, दगडूला आणि मला वेगवेगळं ओळखणारा
तुझा काळू